धाकली, थोरली आणि लेकुरवाळी

तात्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते मोटारीत बसले होते. फक्त मोटार तिथं नव्हती.

इंदापूरच्या कॉलेजात इंग्रजी शिकवायची नोकरी मला नुकतीच लागली होती आणि निमगाव केतकीत तात्यांच्या माडीवरची खोली रिकामी आहे असं कळलं होतं. अंगणात शिरलो तर जमिनीवर चुन्यानं एक लांबडा आकार आखलेला, पुढं निमुळता, मागं गोल. आत पाय कापून बुटक्या केलेल्या दोन लाकडी खुर्च्या शेजारी शेजारी. उजवीकडच्या खुर्चीत साठी ओलांडलेले एक टोपीवाले गृहस्थ हातात पिठाची चाळण धरून बसले होते आणि ती सावकाश डावीकडं वळवत होते. मी "खोली..." एवढंच म्हणालो.

"खोलीचं मागनं बघू. आदी हितं बसा." त्यांनी शेजारची खुर्ची दाखवली. "आवं, चुन्यावरनं नगा येऊ, दार तिकडं हाय. हां. आता सांगा, गुडगा कुठं लागतुय?"

"कुठंच नाही लागत."

"लागाय पायजे. ही धाकली हाय. धाकलीत लागतुय. पाय सरळ करा."

तेवढ्यात घरातून काकी, म्हणजे त्यांच्या मंडळी, बाहेर आल्या. "आवं, चाळण द्या की. पीठ चाळायचंय. गाडी जरा हुबी करा." तात्यांनी आधी गाडी कडेला घेतली, खुर्चीशेजारी रोवलेली काठी मागं ओढली, मग चाळण दिली. ब्रेक न लावता स्टेअरिंग सोडणाऱ्यातले ते नव्हते. खोली मला मिळाली. भाडं किती हे विचारायचं मात्र दोघांच्याही ध्यानात राहिलं नाही.

हे काय प्रकरण होतं ते आता नीट सांगतो. इंग्लंडात एक कंपनी आजोबा-पणजोबांच्या काळापासून एकाच घाटाची उघडी मोटार बनवत आली आहे. लांबच लांब नाक, दोन्ही बाजूंना बाहेर आलेले गोल दिवे, बॉनेटवर चामड्याचा पट्टा, छप्पर म्हणून एक कापड, आणि पत्र्याच्या आत चक्क लाकडाचा सांगाडा. हातानं बनवतात. बदल करायचं म्हटलं की त्यांच्या जिवावर येतं. तात्यांची लेक तिकडं दिली होती. तिच्याकडं दोघं नवराबायको एकदा जाऊन आले आणि येताना तात्या हे वेड घेऊन आले. तिकडच्याच एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याकडं या गाडीचे तीन नमुने विकायला होते. त्यांची इंग्रजी नावं तात्यांनी मोडीत काढली आणि आपली ठेवली. दोन सीटची, लहान इंजिनाची ती धाकली. दोन सीटची, दांडग्या इंजिनाची ती थोरली. आणि मागं आणखी दोन सीट, माळ्यावर चढवल्यासारख्या उंच, बसवलेली ती लेकुरवाळी.

या तिघींतून एक निवडायची होती. मी राहायला गेलो तेव्हा निवड सुरू होऊन दुसरं वर्ष लागलं होतं.

तात्यांची निवड म्हणजे काय चीज होती ते बाहेरच्याला कळायचं नाही. डाळिंबाची बाग आणि पानमळा दोन्ही राखून होते, हात कधी आखडता नव्हता, पण वहाण घ्यायला बारामतीला गेले तर दुकानातल्या सगळ्या वहाणा पायात घालून दुकानभर चालून अनवाणी परत यायचे. त्यांना आलेलं बघून एका दुकानदारानं शटर अर्धं ओढल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय. "घाईनं घेतल्याली वस्तू आपल्यालाच घेती, सर," हे त्यांचं ब्रीद. त्यावर काकी चुलीपाशी पुटपुटायच्या, "मला तेवढं एका नजरंत पसंत केलं. त्या दिशी काय झालं हुतं कुनास ठावं." तात्या न ऐकल्यासारखं करायचे आणि कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल व्हायचे.

माझं इंग्रजी त्यांच्या हाती लागलं आणि इंग्लंडातल्या त्या व्यापाऱ्याचे दिवस फिरले. तात्या सांगायचे, मी मोबाईलवर लिहायचो. पहिलाच प्रश्न: लाकडाला वाळवी लागते का? साहेबाचं उत्तर आलं, आमच्याकडं वाळवी नसते. तात्या म्हणाले, "त्याला म्हनावं, तुझ्याकडं न्हाय, माझ्याकडं हाय. गाडी कुनाकडं येनार हाय?" मग हॉर्न. ऊस वाहणारा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर भोंगा लावून मोठ्यानं चाललेली गाणी, यांच्या मागून वाजवला तर ऐकू जाईल का? साहेबानं दोन दिवस विचार केला आणि लिहिलं की अशी परिस्थिती आमच्या अनुभवात नाही. मग लिंबू-मिरची कुठं बांधायची. याचं उत्तर त्यानं फोटो काढून, पुढच्या लोखंडी जाळीवर बाण दाखवून पाठवलं. त्या दिवसापासून मला त्या माणसाबद्दल आदर आहे.

स्पीडब्रेकरचा तर स्वतंत्र अध्याय झाला. गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरच वर, आणि आमच्याकडचे स्पीडब्रेकर गावानं आपल्या इभ्रतीप्रमाणं घातलेले. तात्या मला मोटरसायकलवर मागं बसवून नरसिंहपूरच्या वाटेवरचा प्रत्येक स्पीडब्रेकर काठीनं मोजत गेले. एका वस्तीपाशी लोक जमले. साहेब लोक स्पीडब्रेकर काढायला आले, अशी आवई उठली. तात्या म्हणाले, "काढत न्हाय वो, गाडी बसवतुय." लोक आणखीच घाबरले. एक म्हातारी स्पीडब्रेकरवर बसली ती आम्ही जाईपर्यंत उठली नाही.

एवढं करून निर्णय नाहीच. धाकली म्हणावी तर गुडघा लागतो. थोरली म्हणावी तर इंजिनाची धग पायाला. लेकुरवाळीबद्दल मात्र ते अवाक्षर बोलायचे नाहीत. साहेबानं तिचे फोटो पाठवले की बोटानं पुढं सरकवायचे. आणि घरात नेमकी तीच सगळ्यांना पसंत होती. विशेषतः आक्कांना.

आक्का म्हणजे तात्यांची थोरली बहीण. लवकर कपाळ पांढरं झालेली, माहेरी परतलेली. आई गेल्यावर तात्यांना तिनंच वाढवलं. घरातला शेवटचा शब्द तिचा, आणि घरच्या जीपमधली पुढची सीटही तिचीच. "मला मागं मळमळतंय," एवढं कारण तिनं पूर्वी कधी दिलं होतं आणि ते अजून चालू होतं. त्यामुळं तात्या चालवणार, शेजारी आक्का, आणि काकी मागं. लग्न झाल्यापासून मागं.

मागं म्हणजे काय हे कळायला आमच्या भागातला कायदा ठाऊक पाहिजे. रस्त्यात हात करून कुणी "जागा हाय का?" विचारलं, तर "हाय की" म्हणायचं. दुसरं उत्तर तिथं कुणी दिलेलं मी ऐकलं नाही. माणसाला सरकता येतं, मांडीवर बसता येतं, फळीला लोंबकळता येतं. मालाचं तसं नाही. एकदा गाडीत चढवलेलं पोतं उतरायचं ठिकाण येईपर्यंत कुणी हलवत नाही. त्याच्यावर बसत नाहीत, त्याला सरकवत नाहीत. माणसाच्या अंगावरून जातील, पण भरल्या पोत्याचा मान राखतील.

माझ्या पहिल्याच वर्षी काकींना नरसिंहपूरला जायचं होतं. नरसिंह त्यांच्या माहेरचं दैवत. निघताना आम्ही चौघंच होतो. इंदापूर येईपर्यंत जीप गच्च भरली आणि पुढं कुणीतरी पेंडीची दोन पोती मधोमध चढवली. काकी सरकत सरकत पार मागच्या फळीशी आल्या, पाय बाहेर, तोंड मागं, तोंडावर धुरळा. मी म्हणालो, "काकी, ते पोतं इकडं घेऊ, तुम्ही आत बसा."

काकी पदरात तोंड घालून हसल्या. "पोत्याला कुनी सरक म्हनतंय व्हय, सर? पोत्याच्या जल्माला यावं मानसानं." थोड्या वेळानं बोट करून म्हणाल्या, "त्ये बघा इंदापूर चाललं. मला समदं रस्तं असंच ठावं हायती, मागं जाताना. म्होरनं इंदापूर कसं येतंय त्ये न्हाय कदी बघितलं."

हे त्या हसत बोलल्या म्हणून मीही हसलो. पुढं नजर गेली तर तात्या आरशातून मागं बघत होते. रस्त्याकडं बघायचं सोडून इतका वेळ बघत होते की आक्कांनी त्यांच्या दंडाला ढोसलं.

त्यानंतर साहेबाशी व्हिडिओवर बोलणं झालं. साहेबानं तिन्ही गाड्या फिरून दाखवल्या, वाकून पोटं दाखवली. तात्यांनी क्लच विचारला, सायलेन्सर विचारला, आणि मध्येच, आवाज खाली आणून म्हणाले, "सर, त्याला विचारा, त्येची मंडळी कुठं बसती?" मी विचारलं. साहेब जरा गोंधळला. म्हणाला, शेजारी बसते, नकाशा तिच्याकडं असतो. मी मराठी करून सांगितलं. तात्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि पानमळ्याकडं निघून गेले. साहेबाला निरोप मीच दिला.

या सगळ्याचा उलगडा पळसदेवला झाला. उन्हाळ्यात उजनीचं पाणी उतरलं की बुडालेलं देऊळ वर येतं. "देऊळ आलंय का बघून यू," असं म्हणून तात्यांनी मला तिकडं नेलं. देवळाकडं त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. काठावरच्या खानावळीत चिलापी मागवली आणि मासा तसाच ठेवून बोलायला लागले.

"लेकीकडं गेलो हुतो तवा जावयाच्या गाडीत बी मी म्होरं आन् ही मागं. एका जागी च्या प्यायला थांबलो. तितं एक म्हातारा-म्हातारी ह्या गाडीतनं आली. दोनच शिटं. उतरली, बाकड्यावर बसली, डब्यातलं खाल्लं, परत गाडीत बसली, गेली. मी बघत हुबा राह्यलो. कुनी आलं न्हाय. जरा सरका म्हनलं न्हाय. सरकायला जागाच न्हवती, सर! त्यो म्हातारा काय लई शाना दिसत न्हवता. गाडी शानी हुती."

"मग तात्या, एवढी इंग्लंडची गाडी कशाला? जीपमध्येच काकींना पुढं बसवा की."

"आक्काला उठ कोन म्हननार? तुमी म्हनता?"

मी माशाचे काटे काढायला लागलो.

"तिनं मला तळहातावर वाढवलं," तात्या म्हणाले. "तिला कुठल्या तोंडानं उठ म्हनू? आन् हिला तरी किती दिस मागं बसवू? दोन शिटाची आली म्हंजी मला कुनाला काय म्हनायलाच नगं. गाडीच न्हाय म्हनंल."

मला त्या माणसाचं फार वाटलं. सगळा तालुका ज्याला चक्रम म्हणत होता, तो बायकोला एकदा शेजारी बसवता यावं म्हणून स्पीडब्रेकर मोजत हिंडत होता. अर्थात माझाही थोडा स्वार्थ होता. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू? मलाही त्या गाडीत बसायचं होतं. दोन सीटच्या गाडीत माझा नंबर कधी लागणार हा हिशेब मी तिथंच, चिलापी खाता खाता, करून टाकला होता.

पावसाळ्याच्या तोंडावर साहेबाचा निरोप आला. तिन्ही गाड्यांना दुसरीकडून मागणी आहे, शनिवारपर्यंत कळवा. तात्यांना घाम फुटला. शुक्रवारी संध्याकाळी ते अंगणातल्या, आता थोरलीच्या मापानं आखलेल्या, चुन्याच्या गाडीत बराच वेळ नुसते बसून राहिले, मग ओट्यावर येऊन एका दमात म्हणाले, "थोरली ठरली. दोन शिटाची."

आक्कांनी पानाला चुना लावता लावता मान वर केली. "दोन शिटाची? मग मी काय तुझ्या डोस्क्यावर बसू?"

गाडी न्हाय म्हणेल ही योजना नामी होती, पण गाडी अजून इंग्लंडात होती. इथं तात्यांनाच बोलायचं होतं. ते पायाच्या अंगठ्याकडं बघत राहिले. मी जिन्याकडं बघत राहिलो. आणि आतून, भाकरी थापता थापता, काकींचा आवाज आला.

"चार शिटाचीच घ्या. लेकुरवाळी. मानसांच्या घरात दोन शिटाची गाडी शोभती व्हय?"

"बघ!" आक्का म्हणाल्या. "तिला कळतंय, तुला कळंना."

रात्री तात्या माझ्या खोलीपर्यंत आले आणि दारातच उभे राहिले. "लिवा त्याला. लेकुरवाळी."

"तात्या, अहो पण..."

"तिलाच नगं हाय, सर. मी कुनासाठी भांडू?" एवढं बोलून खाली गेले. चुन्याची गाडी त्यांनी दुसऱ्या दिवशी पाणी मारून पुसून टाकली. काकींशी चार दिवस धड बोलले नाहीत. राग मलाही आला होता. लग्न झाल्यापासून माणूस मागं बसतो म्हणजे त्याला मागंच गोड वाटायला लागतं, असं काहीतरी मोठं वाक्य मी मनात जुळवलंही होतं.

गाडी यायला पुढचा उन्हाळा उजाडला. बंदरावरच्या कागदपत्रांची कथा सांगत नाही, ती सांगायला लागलो तर गाडी पुन्हा तिकडं अडकेल. ट्रकवरून ती अंगणात उतरली तेव्हा निम्मा गाव हजर होता. हिरवी, लांब नाकाची, देखणी. बघे म्हणजे उंटावरचे शहाणे. एक म्हणाला, "दार हाय का खिडकी?" दुसरा म्हणाला, "बैलगाडीला इंजिन बसीवलंय." तिसऱ्यानं लाकडावर टिचकी मारून बाभळ असती तर टिकली असती असं मत दिलं. काकींनी नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. आक्का पुढच्या सीटवर बसून बघून आल्या आणि म्हणाल्या, "बरी हाय. जरा खाली हाय, पर बरी हाय." तात्या हसले, पण ते हसणं काही खरं नव्हतं.

पहिली फेरी नरसिंहपूरची ठरली. मी सकाळी गॉगल, टोपी आणि धुरळ्यासाठी रुमाल अशा जय्यत तयारीनं खाली उतरलो. काकी पुढच्या सीटवर आधीच बसल्या होत्या. डोईवरचा पदर कानामागून घट्ट बांधलेला, हात मांडीवर, नजर समोर. आणि मागच्या दोन सीटवर दोन टम्म भरलेली पोती उभी होती, सुतळीनं तोंडं शिवून, दोरानं गच्च आवळून.

तात्या बॉनेटचा पट्टा धरून उभे होते. "मी न्हाय भरली," माझ्याकडं बघून ते एवढंच म्हणाले.

आक्का ठेवणीतलं लुगडं नेसून, हातात पिशवी घेऊन आल्या आणि थबकल्या. "आन् ही पोती कुठं निघाली?"

"संगं," काकी म्हणाल्या.

"मग मी कुठं बसू?"

"आदी ठावं असतं तर भरली नसती, आक्का. आता भरली."

भरलेलं पोतं. त्याला उतरवा म्हणायची आक्कांचीसुद्धा छाती नव्हती, कारण हा कायदा त्यांनीच घराला शिकवला होता. त्यांनी जवळ जाऊन एका पोत्यात बोट खुपसलं. बोट आत गेलं. त्या पोत्याकडं बघत राहिल्या, मग काकींच्या पाठीकडं बघत राहिल्या. किती वर्षं ती पाठ त्यांना दिसली नव्हती, कारण ती कायम त्यांच्या मागं असायची.

"भरलंय तर ऱ्हाऊ द्या," आक्का शेवटी म्हणाल्या. "उघड्या गाडीत वारं लई. मला सोसायचं न्हाय." आणि पिशवी घेऊन ओट्यावर जाऊन बसल्या. बसताना पिशवीतला नारळ काढून त्यांनी तात्यांच्या हातात दिला. "माझ्या नावानं वाढवा."

आता मी पुढं झालो आणि दुसऱ्या पोत्याला हात लावून बघितला. आत कडब्याची कुट्टी होती. गोठ्यातल्या गाईपुढं टाकतात ती.

"काकी," मी हळूच म्हणालो, "नरसिंहाला कुट्टी कधीपासून लागायला लागली?"

काकींनी मान वळवली नाही. "जागा न्हाय, सर," त्या म्हणाल्या. मग तात्यांना, "आवं, चला की. ऊन हुतंय."

तात्यांना तेव्हा समजलं. इंग्लंडच्या गाडीला तीन वर्षं जे सांगायला ते तयार करत होते, ते बायकोनं घरच्या कुट्टीकडून सांगून घेतलं होतं, तेही कुणाला न दुखवता. ते गाडीत बसले, किल्ली फिरवायची विसरले, मग फिरवली. गाडी फाटकातून बाहेर पडली आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला पोट घासून गेली. एवढी मोजणी पाण्यात. मी गॉगल लावून अंगणात उभा राहिलो. आक्का म्हणाल्या, "बसा सर, पान खावा."

दोघं दिवस कलताना आले. धुरळ्यानं दोघांच्याही भुवया पांढऱ्या झालेल्या. इंदापूरच्या स्टँडपाशी ओळखीच्यांनी हात केला होता म्हणे, आणि तात्यांनी उभ्या आयुष्यात पहिल्यांदा "न्हाय" म्हटलं, अंगठ्यानं मागं पोती दाखवून. लोक म्हणाले, "आरं, माल हाय व्हय," आणि हसत बाजूला झाले. आक्कांना प्रसाद मिळाला. काकी मात्र गाडीतून उतरेनात.

"सर, इंदापूर म्होरनं येतंय की वो," त्या मला म्हणाल्या. "आदी पान्याची टाकी. मग जरा मोठं हुतंय. मग आपल्याकडंच येतंय, सरळ." हातानं त्यांनी दाखवलंही, कसं येतंय ते. तात्या त्यांच्याकडं बघत होते, आरशातून नाही, शेजारून.

पण तात्या ते तात्याच. खाली उतरून त्यांनी गाडीला एक फेरी घातली, पोती दाबून बघितली, डोळा चोळला, आणि कपाळाला आठ्या घालून माझ्याकडं वळले.

"ही कुट्टी वाऱ्यानं उडून डोळ्यात जाती, सर. म्होरच्या टायमाला काय भरावं? गव्हाचा भुसा हलका, पर त्यो बी उडतुय. शेंगाची टरफलं हायती, पर वाजत्यात. एकडाव बसून नीट इचार करूया. घाईनं घेतल्याली वस्तू..."

"काय बी भरा," काकी सीटवरूनच म्हणाल्या. "पर भरा."